जवळ्यातला मासा

जवळा भाजल्याचा वास आला की ऐंशीच्या दशकातली, मालाडजवळच्या कोळीवाड्यातल्या बालवाडीची ती सकाळ आठवते आणि अजून चिडचिड होते. मी नवी शिक्षिका. तासभर खपून अंगणात खडूनं मोठा मासा काढला होता, मुलांनी फक्त रंग भरायचे. तेवढ्यात शेजारच्या कोळीण मावशींनी त्याच्यावरच ओला जवळा, म्हणजे अगदी बारीक कोळंबी, सुकायला पसरला. "अहो मावशी, चित्राची वाट लागली ना!" मी ओरडले. "रोज इथंच सुकवतो आमी, बाय." मुलं तर खडू टाकून जवळ्यातच बोटांनी मासे काढू लागली. त्यांना हाकलायच्या ऐवजी मावशी हसल्या, "काढू दे, नायतरी सुकायला मला जवळा वरखाली करायचाच हाय." रंगीत खडूंची पेटी मांडीवर घेऊन मी फुगून बसले. राग अजून आहे; पण जवळा निवडायला घेतला की ताटात माझंच बोट आधी मासा काढतं.