पाण्याला रजई

“हा बाबा नवरीकडचा की नवऱ्याकडचा?” माझ्या मागच्या खुर्चीवरच्या काकूंनी विचारलं. शेजारच्या बाईंनी मान लांब करून पाहिलं आणि निकाल दिला, “डेकोरेशनवाला असंन व.”

तो बाबा कोणाकडचाच नव्हता. ते माझे मावसाजी होते, मावशीचे यजमान. सौंसरजवळच्या एका रिसॉर्टमध्ये, भर रिसेप्शनमध्ये, स्विमिंग पूलमधले तरंगते दिवे ते एकेक करून उचलत होते आणि देवासमोर ठेवावेत तसे काठावर मांडत होते. मग त्यांनी निळं प्लास्टिकचं कव्हर पाण्यावर ओढायला घेतलं. दोन वेटरांना हा कार्यक्रमाचाच भाग वाटला, म्हणून त्यांनी अदबीनं दुसरं टोक धरलं. थंडीचे दिवस होते, कोमट पाण्यावरून वाफ निघत होती, आणि त्या वाफेसमोर नवरानवरीचे फोटो चालले होते. “काय धुकं आहे!” फोटोग्राफर खूश होऊन म्हणाला. “धुकं नाही बाप्पा ते,” मावसाजी कळवळून म्हणाले, “पाण्याचा जीव जाऊन राहिला!” आणि नवरीच्या मागचं धुकं त्यांनी झाकून टाकलं.

जगातली सगळी ऊब कोणीतरी उघडी टाकल्यामुळे वाया चालली आहे आणि ती झाकण्यासाठीच आपला जन्म आहे, अशी मावसाजींइतकी पक्की खात्री असलेला माणूस पांढुर्ण्यापासून छिंदवाड्यापर्यंत दुसरा सापडणार नाही. कोणाच्याही घरी गेले की ते आधी दार लावतात, मग रामराम करतात. चहा समोर आला की कपावर बशी उपडी घालतात आणि बोलायला बसतात. एकदा बस सौंसरच्या स्टँडवर थांबली असताना खिडकीतून त्यांना पोह्यांची वाफाळती कढई दिसली. ते उतरले. पोहेवाल्याला कढईवर झाकण ठेवायला लावलं, गॅस बारीक करायला लावला, त्याच्याशी वाद घातला आणि जिंकले. तोवर बस निघून गेली होती. अवजारांची पिशवी छिंदवाड्याला पोचली, मावसाजी पोहे खाऊन घरी आले. स्वतः मात्र भर हिवाळ्यात थंड पाण्यानं आंघोळ करतात. “एका माणसासाठी गिझर लावतं का कोणी?” पोहता तर त्यांना येतच नाही. पाणी किती तापलं ते काठावर उकिडवं बसून, कोपर बुडवून पाहतात, तान्ह्या बाळाच्या आंघोळीचं पाहावं तसं.

पूर्वी ते गच्च्यांवर सोलर गिझर बसवायचे. मग नागपूरची माणसं सुट्टीला इकडच्या संत्र्याच्या बागांमध्ये येऊ लागली. बागांत रिसॉर्ट झाले, रिसॉर्टांत पूल झाले, आणि पूलचं पाणी तापवणारे हीट पंप बसवायचं काम पांढुर्ण्याच्या आमच्या दुकानाकडे आलं. आमच्या म्हणजे मावसाजींच्या; आता सगळा व्यवहार त्यांचा मुलगा, दादा, पाहतो. मी इंग्रजी शाळेत शिकले, त्यामुळे कंपन्यांना मेल लिहायचं काम माझ्याकडे. त्यात मी सुखी आहे, कारण मेलला आवाज नसतो. फोन वाजला की मी दादाकडे बघते.

मशीन विकण्यात मावसाजींना फारसा रस नाही. मोहगावचे एक गृहस्थ मोठा हीट पंप घ्यायला आले होते. मावसाजींनी त्यांना तासभर समजावलं की पाणी तापवणं कोणालाही जमतं, तापलेलं टिकवणं हीच खरी कला. रात्री पाण्याला रजई द्या, वाऱ्याच्या बाजूला झाडं लावा. गृहस्थ भारावून नुसतं कव्हर घेऊन गेले. दादानं कपाळाला हात लावला. “बाबा, आपण पंप विकून राहिलो की रजया?” “रजई घेतली त्यानं, आता छोटा पंप पुरते त्याले,” मावसाजी समाधानानं म्हणाले. तेव्हापासून रोज संध्याकाळी स्कूटरवरून ते गिऱ्हाइकांचे पूल पाहत फिरतात आणि जिथे कव्हर घातलेलं नसेल तिथे स्वतः घालतात. रखवालदार आता त्यांना अडवत नाहीत, खुर्ची देतात.

पण लग्नाचं प्रकरण महागात पडलं; तो रिसॉर्ट आमचं गिऱ्हाईक, मालकांनीच आम्हाला बोलावलेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी वऱ्हाडातली पोरं कोमट पाण्यातून बाहेर यायला तयार नव्हती, हे कोणी मनावर घेतलं नाही. नवरीच्या बापानं मालकाला झापलं, मालकानं दादाला. तिगावजवळ मालकांचा दुसरा रिसॉर्ट उभा राहतोय. ते काम हवं असेल तर तो म्हातारा साइटवर दिसता कामा नये, असं त्यांनी सांगितलं. या वर्षी हेच आमचं मोठं काम.

दादा वाईट नाही. तो बराच वेळ पेन उघडबंद करत बसला. मग माझ्याकडे पेन रोखून म्हणाला, “बाबा, आता तुम्ही आराम करा. साइटवर ही जात जाईल.” मला वाटलं, आता दुकान डोक्यावर घेतील. मावसाजी फक्त “बरं” म्हणाले. स्कूटरची किल्ली त्यांनी टेबलावर ठेवली, माझ्या बाजूला सरकवली, आणि थोड्या वेळानं, कोणालाच न विचारल्यासारखं विचारलं, “मंग मी संध्याकाळी काय करत जाऊ?”



तेवढ्यात मालकांचा फोन आला. दादानं बोलून माझ्यापुढे धरला. “मॅडम, उद्या तिगावला तुम्ही येऊन राहिल्या ना? एकट्याच या, त्या म्हाताऱ्याले आणू नका, बरं का.” मी सवयीनं दादाकडे पाहिलं. तो मानेनंच ‘हो म्हण’ सांगत होता. मावसाजी रस्त्याकडे तोंड करून बसले होते, पाठ नेहमीपेक्षा लहान दिसत होती. इंग्रजीतलं एकही वाक्य मदतीला आलं नाही.

“येईन सर,” मी म्हणाले, “पण मावसाजींना घेऊन येईन. उघडं पाणी त्यांना बघवत नाही, आणि आता मलाही बघवत नाही.”