बासष्ट काय?

गेल्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी अकरा वाजता, आमच्या गावच्या समाजमंदिरात सत्यभामा गोरे यांना सगळ्या गावासमोर खोटं ठरवलं गेलं. ठरवणारा होता उच्चदाबाची वीजवाहिनी टाकणाऱ्या कंपनीचा साहेब. कुणावर अन्याय झाला, कधी झाला, कुठं झाला ते आधी लिहायचं, चीड नंतर. ही शिस्त मला वाघमारे मॅडमनी लावली. म्हणून त्यांच्याबद्दल लिहितानाही सुरुवात तीच.

मॅडम लोहाऱ्याला अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवायच्या. निवृत्त झाल्या आणि गावात राहायला आल्या. एकक न लावता कुणी आकडा सांगितला की त्या पुढचं ऐकतच नसत. दूधवाल्यानं पहिल्या दिवशी विचारलं, "मॅडम, दोन देऊ?" त्या म्हणाल्या, "दोन काय? म्हशी?" तेव्हापासून तो फाटकातूनच ओरडायचा, "मॅडम, दोन लिटर म्हशीचं दूध, आजच्या धारंचं." त्याला वाटायचं आपण टिंगल करतोय. मॅडमना वाटायचं, एक तरी माणूस शिकला.

सत्यभामाकाकूंच्या शेतावरून वाहिनी गेली होती आणि तारा लोंबून शेळ्यांच्या गोठ्यावर आल्या होत्या. गोठ्याच्या पत्र्याला हात लावला की झटका बसायचा. शेळ्या आत जाईनात. काकूंची मागणी एकच होती, तारा वर घ्या. कंपनीनं तारेखाली यंत्र धरून विद्युतक्षेत्राची मोजणी केली आणि अहवाल घेऊन साहेब गावात आला.

"मर्यादा पाच हजार," तो म्हणाला. "तुमच्या गोठ्यापाशी भरले बासष्ट. काकू, हे मनाचे खेळ आहेत."

"म्या कशाला खोटं बोलू, साहेब? तुमी या की पत्र्याला हात लावायला," काकू म्हणाल्या. दोघंचौघं हसले. काकूंनी पदर तोंडाला लावला आणि खाली बसल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण बासष्ट आणि पाच हजार यापुढं बोलायचं काय?

मागच्या रांगेतून मॅडमचा आवाज आला. "बासष्ट काय?"

साहेबानं कागद पाहिला. "व्होल्ट प्रति सेंटिमीटर."

"आणि पाच हजार?"

"व्होल्ट प्रति मीटर. त्यानं काय होतं? सेंटिमीटरचे मीटर करायचे तर शंभरनं भागायचं. म्हणजे एक व्होल्टसुद्धा भरत नाही."

आणि खरं सांगतो, आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. शाळेत तेच पाठ केलेलं, सेंटिमीटरचे मीटर करताना भागा शंभरनं. मॅडमच्या हाताखाली शिकलेली चार पोरं तिथं होती, तीही डोलली. मॅडमनी त्यांच्याकडं असं बघितलं की एकानं चप्पल शोधायला सुरुवात केली.

"सत्यभामाबाई," त्या म्हणाल्या, "तूर टोकताना एका हाताच्या अंतरात किती बिया टाकता?"

"दोन."

"मग पाच हातांत?"

"धा."

"भागलं का गुणलं?"

"गुणलं की. भागून कशाला कमी व्हतील?"

"इथं व्होल्ट पेरलेत," मॅडम साहेबाकडं वळल्या. "एका सेंटिमीटरमध्ये बासष्ट. मीटरमध्ये सेंटिमीटर शंभर. सहा हजार दोनशे झाले. तुमचीच मर्यादा पाच हजारांची. आता बाईंची माफी मागा."

त्यानं माफी मागितली नाही. फेरमोजणी करू म्हणाला.

त्या संध्याकाळी मी आमच्या शेतकरी संघटनेसाठी पत्रक लिहिलं. मथळा दिला 'मृत्यूची तार'. मॅडमनी चष्मा लावला. "मृत्यू कुणाचा झाला? नाव सांग."

"झाला नाही, मॅडम. पण होऊ शकतो."

"झटका बसतो ते लिही. शेळ्या आत जात नाहीत ते लिही. सहा हजार दोनशे लिही, पुढं व्होल्ट प्रति मीटर लिही. त्यांनी कमी करून सांगितलं म्हणून तू वाढवून सांगायचं? मग त्यांच्यात अन् तुझ्यात फरक काय राहिला, बाळा?" मी चिडलो. आमच्या संघटनेतल्या मित्रांनी तर मॅडम कंपनीला सामील आहेत म्हणायलाही कमी केलं नाही. पण पत्रक त्यांच्या शब्दांत निघालं, आणि त्यातल्या एकाही ओळीला कंपनीला बोट लावता आलं नाही.

फेरमोजणीचा कागद आला तो न्यूटन प्रति कूलंबमध्ये. गावात पुन्हा घबराट. काकू तर म्हणाल्या, "आता ह्यो न्यूटन कुठनं आला गं बाई, ह्याची बी परवानगी लागंल." मॅडम लई हसल्या. "काही नाही लागत. एक व्होल्ट प्रति मीटर म्हणजेच एक न्यूटन प्रति कूलंब. नुसतं नाव वेगळं. आकडा वाचा." आकडा सहा हजारांवरच होता. दिवाळीनंतर काकूंच्या गोठ्यावरच्या तारा वर गेल्या. काकूंनी सगळ्यांत आधी मॅडमना बोलावलं आणि पत्र्याला हात लावून दाखवला. मॅडमनीही लावला. झटका बसला नाही.

मॅडम या उन्हाळ्यात गेल्या. हृदयविकारानं गेल्या. त्या लढता लढता गेल्या असं मी लिहिणार नाही, त्यांनी ते खोडलं असतं. माफी मात्र अजून आलेली नाही. आणि पुढच्या दोन शिवारांत त्याच वाहिनीच्या तारा अजून तशाच लोंबताहेत, कागदावर तेच व्होल्ट प्रति सेंटिमीटर.

तुमच्या शेतावरून तार गेली असेल तर मोजणीचा कागद मागा. ते आकडा सांगतील. तुम्ही खाली बसू नका. सगळ्यांसमोर विचारा, काय? आणि उत्तर मिळेपर्यंत उभे राहा.