चाकांवरच्या घराचे अण्णा

गाडी ताब्यात देण्याआधी अण्णा चपला काढायचे. मीटरने सगळं वायरिंग तपासून झालं की दारापाशी बादलीभर पाणी ओतायचे, त्या ओल्यात अनवाणी उभे राहायचे आणि करंट लागतो का ते बघायला उलट्या हाताने दाराच्या कडीला शिवायचे. हे कुठल्याही पुस्तकात नाही, आणि कुणी करू नये असंच मला वाटतं. अण्णा म्हणायचे, "मीटर खोटं बोलत न्हाय. बघणारा चुकतोय की!"

कोल्हापुरातल्या एका छोट्या कारखान्यात मिनीबसची घरं बनायची. आत झोपायला बाक, शेगडी, फ्रीज, एसी. मुक्कामाला पोचलं की तिथल्या सॉकेटपासून गाडीला जाड केबल जोडायची, की आतल्या बोर्डातून सगळीकडे वीज. तो बोर्ड जोडायचं काम अण्णांचं. ते नेसरीकडचे, सातवी शिकलेले. मी शाहूवाडीची, घरातून कॉलेजात गेलेली पहिलीच, इंजिनिअरिंगच्या सुट्टीत काम शिकायला आलेली. त्यांच्या मुलीएवढी असूनही ते मला थोरल्या बहिणीसारखं "अक्का" म्हणायचे.

प्रत्येक जोड झाला की ते वायर ओढून बघत. "सुटायची असंल तर माझ्या हातात सुटू दे, घाटात नको. घराची भिंत हलत न्हाय, ही रोज नाचतीया."

माझा पहिला बोर्ड पुरा झाला त्या दिवशी गाडीचे मालक बायको, दोन मुलं आणि बॅगा घेऊनच आले होते. दिवे लागले, एसी चालला. अण्णांनी मीटर माझ्याच हातात दिला. मी आकडे बरोबर असल्याचं सांगितलं. त्यांनी दाराखालच्या जमिनीकडे बोट केलं.

"अक्का, हितं तुझ्या आईला उभी करशील?"

मला हो म्हणता येईना. बोर्डातली वीज परत नेणारी न्यूट्रलची पट्टी आणि गाडीच्या पत्र्याला जोडलेली अर्थिंगची पट्टी मी एका वायरने जोडली होती. एका इमारतीच्या मेन बोर्डात तसं पाहिलं होतं. इथे चालेल का, ही शंका होती. पण कॉलेजच्या मुलीने हे विचारायचं कसं, म्हणून गप्प बसले होते. आता सगळं सांगून टाकलं.

अण्णा ओरडले नाहीत. "इमारत एका जागी असती. ही उद्या कुठल्या धाब्यावर जाईल. तिथला सॉकेट उलटा, न्यूट्रलच्या जागी करंट, अर्थिंग मेलेलं. मग तुझ्या त्या वायरीतनं आख्ख्या पत्र्यात करंट. आत बसलेल्याला कळायचं न्हाय. एक पाय जमिनीवर ठेवून चढणारं पोरगं मरंल."

मग मालकांकडे वळले. "पावणं, आज गाडी मिळत न्हाय."

"अहो, सगळं तर चालतंय!"

"चालतंय म्हणूनच भ्या वाटतंय."

"चूक माझी आहे," मी म्हणाले. मालक चिडून गेले. मी ती वायर काढली, दोन्ही पट्ट्या वेगळ्या केल्या आणि प्रत्येक जोड पुन्हा तपासला. अण्णा शेजारी स्टुलावर बसून होते. एकदाही हात घातला नाही.

पुढे मोतीबिंदूने वायरींचे रंग कळेनासे झाले, तसे ते गावी गेले. शेवटच्या वर्षाचा निकाल लागल्यावर मी पेढे घेऊन नेसरीला गेले. अण्णा अंगणात शेंगा फोडत होते. मार्क त्यांनी विचारलेच नाहीत.

"ती गाडी कुठं असती गं आता?"

मी मालकांना अधूनमधून फोन करते, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. म्हटलं, "मागच्या आठवड्यात कोकणात होती. पोरं मजेत आहेत."

"व्हय?" म्हणाले, आणि शेंगांची पाटी माझ्याकडे सरकवली.