तीन दिवसांची मोजणी

योनका ज्या कारखान्यात होती तिथे मेलेली डुकरं आणि खाटिकखान्यातली हाडं-आतडी वाफेवर शिजवून चरबी काढत. तो वास केसांत, नखांत, पावाच्या घासातसुद्धा शिरायचा. म्हणून पाळी सुटली की सगळे आधी गरम पाण्याच्या न्हाणीघराकडे पळत. न धुता कुणी बसमध्ये चढलंच, तर प्लेव्हेन शहरातली शहाणी माणसं तोंड वाकडं करून जागा बदलत.

बावीस वर्षं योनका तिथले मीटर वाचत होती. नळ्यांना लोखंडी गज टेकवायचा, दुसरं टोक कानाशी धरायचं आणि वाफ कुठे गळतेय ते ओळखायचं, यात तिचा हातखंडा. एकेचाळीस ठिकाणी वाफ फुकट जात होती. तशी यादी तिने तीनदा वर पाठवली, पण त्या यादीकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

मग राजधानीतून, सोफियाहून, मोजणीवाले येणार असं कळलं. टनभर मालामागे किती वाफ लागते, एवढंच ते बघणार होते. मुख्य इंजिनिअर व्हेलिकोव्हने गळती तशीच ठेवली आणि आकडा कमी दिसावा म्हणून न्हाणीघराची वाफ बंद करवली. तीनच दिवसांचा प्रश्न आहे, असं तो गोड हसून म्हणाला. योनकाला शिसारी आली. पण आकडे तर खरेच आहेत, अशी मनाची समजूत घालून तिने त्या तीन दिवसांच्या मीटरच्या कागदावर सही ठोकली.

मोजणीवाले वाहवा करून गेले. चौथ्या दिवशीही नळाला बर्फासारखं पाणी. हाडांच्या यंत्रावरची पेनका हातात साबण घेऊन कुडकुडत उभी होती. योनका तडक व्हेलिकोव्हच्या खोलीत गेली.

"साहेब, न्हाणीघर कधी सुरू करताय?"

"कशाला? त्याच्यावाचून कारखाना झकास चालतो. आकडे तुमचेच आहेत, योनकाबाई. खाली सहीही तुमचीच."

"आणि माणसांनी काय करायचं?"

"माणसं टनात धरत नाहीत."

ती परत आली तेव्हा पेनका गार पाण्यात फडकं भिजवून मान घासत होती.

"काय म्हणाला गं मेला? चार दिवस झाले, नात जवळ येत नाही माझ्या. नाक दाबून पळते. आज तिला मांडीवर घेईन म्हटलं होतं."

सही माझी आहे, हे योनकाच्या तोंडून काही निघेना. बावीस वर्षं त्या घाणीत काढली, पण स्वतःची एवढी किळस तिला कधी आली नव्हती.