दार हळू लाव

आमच्या देवरीत कोणाच्याच तोंडाले कुलूप नाही. हायवेवरचं गाव. ट्रक थांबतात, ड्रायव्हर चहा पितात, तेवढ्या वेळात एक गोष्ट रायपूरले जाते न् एक नागपूरले. खुशालभाऊची गोष्टही अशीच गेली. "पोरीपेक्षा काच प्यारी झाली त्याले," असं लोक म्हणतात न् वरून हसतात. उचलली जीभ, लावली टाळ्याले. मी देवानंद, पंक्चरवाला. माझं दुकान त्याच्या दुकानाले लागून आहे, मधात फक्त एक टिनाचा पत्रा. त्या दिवशी मी त्याच्या बाजूलेच उभा होतो. म्हणून सांगून राहिलो. ज्याले हसायचं आहे त्यानं आधी ऐकून घ्यावं, मंग खुशाल हसावं.

खुशालभाऊ मूळचा अर्जुनी मोरगावकडचा, इटियाडोह धरणाच्या कालव्याखालचा. कोहळी माणूस. त्याच्या आज्या-पणज्यानं तलाव बांधले, तलावाच्या पाळी, म्हणजे मातीचे बांध, घातले. याच्या वाट्याले मात्र काच आली. पोरवयात नागपूरले एका उस्तादाकडे ट्रकच्या काचा बसवायले शिकला, बायकोले, म्हणजे सुमित्राबाईले, घेऊन देवरीले आला न् हायवेच्या कडेले दुकान टाकलं. बोलणं कमी. काच बसवून झाली का तिच्यावर तळवा ठेवून उभा राहायचा, जसा कोणी तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवतो. गिऱ्हाईक हॉर्न मारे, शिव्या घाले, हा हलत नसे. म्हणे, नव्या पाळीची माती बसू द्या लागते, तशी काच भी बसू द्या लागते. आज्याचं सारं शहाणपण त्यानं काच चिकटवायच्या सीलंटच्या नळीत भरलं होतं.

न् गाडी निघताना प्रत्येक गिऱ्हाइकाले तो एकच वाक्य सांगे: दार हळू लाव. बंद गाडीत दार आपटलं का आतली हवा काचेले ढकलते, न् सीलंट ओलं असलं तर काच जागा सोडते. त्यात खोटं काही नाही. पण दिवसभर तेच ऐकून ऐकून आमचे कान किटले होते. आम्ही चहावाल्याच्या मोडक्या कपाटाचं दार लावतानाही त्याले चिडवत होतो, हळू लाव रे बाप्पा, काच ओली आहे.

त्याची एकुलती एक पोरगी खुशी. बाप जेवढा मुका, तेवढी ही बोलकी. लहानपणी दुकानाच्या टेबलावर बसून ड्रायव्हरलोकाले दम द्यायची, "दार आपटू नका जी, बाबा रागावते." बाप गालात हसायचा. त्या घरातली सगळी बोलाचाली ती एकटीच करत होती म्हटलं तरी चालेल.

मंग ती गोंदियाले नर्सिंग शिकली, रायपूरले नोकरीले लागली. इकडे खुशालभाऊनं अर्जुनीच्या एका घराले शब्द देऊन टाकला. पोरगा चांगला, शेती पाण्याखालची, घर ओळखीचं. पोरीले विचारलं नाही, सांगितलं. पोरगी म्हणाली, बाबा, मी तिथं लग्न करत नाही. माझ्यासोबत हिमांशू म्हणून एक्स-रेवाला आहे, त्याच्याशी करीन. झालं. खुशालभाऊले अर्जुनीले जाऊन दिलेला शब्द परत घ्या लागला. चार माणसांत मान खाली घालून तो परत आला न् त्या दिवसापासून पोरीशी बोलणं बंद.

आरडाओरड नाही, मारझोड नाही. लग्नाले होकार दिला, मांडव सांगितला, कपडे घेतले, सगळं केलं. पण पोरगी समोर बसली असताना सुमित्राबाईले म्हणे, "तिले विचार, चहा पाहिजे का." असा माणूस. सुमित्राबाई रडून रडून थकली. मी तर एकदा तोंडावर बोललो, अरे, दगड तरी पाण्यात पडल्यावर आवाज करतो!

तर हा खाली पाहत म्हणाला, "राग कवाचाच गेला गा देवानंद. पोरीनं बरोबरच केलं. पण आता सुरुवात कुठून करू? एवढे दिवस बंद राहिलं, आता तोंडच उघडत नाही."

मी म्हटलं, आज घरी जा न् सांगून टाक, तू बरोबर केलं म्हणून. त्यात काय पोथी वाचायची आहे?

"बिदाईच्या वेळी सांगीन," तो म्हणाला. "तेव्हा बाप पोरीले जवळ घेतेच. तेव्हा आपोआप येते तोंडात."

हे त्याचं ठरलं होतं. हे मले माहीत होतं न् सुमित्राबाईले माहीत होतं. पोरीलेही अंदाज असावा. कारण लग्नाच्या आठवड्यात ती बापाच्या मागंमागं फिरत नव्हती. वाट पाहत होती.

लग्नाच्या दिवशी सकाळी रायपूरहून वऱ्हाड आलं न् त्यासोबत ती गाडी आली. हिमांशूचा मामा इंद्रकुमार, मोठी असामी, त्याची बॅटरीवर चालणारी लांबलचक महागडी गाडी. नवरीले तिच्यातूनच न्यायचं असं मामाचं म्हणणं. पण मागची काच गायब! मांडववाल्याची शिडी पडून आठवड्याआधी फुटली होती. नवी काच कंपनीकडून कालच आली, बसवणारा माणूस लग्नानंतरची तारीख देऊन राहिला होता. मामानं भोकाले प्लॅस्टिक लावलं, काच गोधडीत गुंडाळून वऱ्हाडाच्या बसमध्ये टाकली न् इथं उतरून हसत म्हणाला, "समधीजी, यह तो आपके घर का ही काम है।"

माझं डोकंच फिरलं. पोरीच्या लग्नाच्या दिवशी बापाले कामाले लावता? मी तोंड उघडलं तर खुशालभाऊनं माझा हात दाबला. नवा सदरा काढून खुंटीले टांगला न् जुनी बनियान चढवली. न् खरं सांगतो, किती दिवसांनी त्याच्या तोंडावर उजेड दिसला. सकाळपासून मांडवात कुठं उभं राहावं हे त्याले समजत नव्हतं. काचेनं त्याले जागा दिली.

गाडी पाहायले अर्धं वऱ्हाड जमलं. बॉनेट उघडलं तर खाली इंजिनच नाही, नुसती सामान ठेवायची पेटी! बाया तोंडाले पदर लावून हसल्या. खुशालभाऊनं मात्र तिकडं पाहिलंही नाही. काचेचे साखरेसारखे दाणे वेचले, जुनं सीलंट पात्यानं कापलं, कडा पुसल्या, काळा प्रायमर लावला. काचेतल्या गरम होणाऱ्या तारांची जोडणी तपासली. मंग सीलंटची धार अशी ओढली का मधात कुठं तुटली नाही. मी एका बाजूनं पकडली, त्यानं दुसऱ्या बाजूनं, काच बसवली, टेप मारले. न् त्यानं तळवा ठेवला. मांडवातून हळदीची गाणी ऐकू येऊन राहिली होती. सुमित्राबाई दोनदा बोलवायले आली. दोन्ही वेळा हा म्हणाला, आलो.

कन्यादानाले मात्र वेळेवर आला. हात धुतले होते, पण नखांतला काळा रंग गेला नव्हता. तेच हात पोरीच्या हाताखाली धरले. पोरीनं मान वर करून पाहिलं. बोलला नाही. तेव्हा बोलायचा वेळही नव्हता, भटजीच बोलून राहिले होते.

सीलंट पक्कं व्हायले रात्र गेली असती तर बरं होतं. पण मामाले दुपारीच निघायचं होतं. खुशालभाऊनं ड्रायव्हरले बजावलं, खिडक्या बोटभर उघड्या ठेव, खड्ड्यात हळू घे, मागून कोणाले हात लावू देऊ नको. न् इथंच सारं घोडं अडलं. आमच्याकडे बिदाईले नवरीचे भाऊ गाडीले मागून धक्का मारतात. बहिणीले सासरी पोचवायची ती रीत. खुशीचे मामेभाऊ, चुलतभाऊ बाह्या वर करून तयारच होते.

ते पाहिलं न् खुशालभाऊ गाडीच्या मागं जाऊन उभा राहिला. काचेकडे पाठ, दोन्ही हात पसरलेले. मी धावत गेलो. म्हटलं, अगा, पोरगी निघून राहिली, समोर जा ना!

"हे पोट्टे ढकलतील," तो म्हणाला. "ओली काच आहे. आत गेली तर पोरीच्या डोक्यावर येईल. गाडी सुरू झाली का जातो समोर."

ऐकलं? पोरीच्या डोक्यावर येईल म्हणाला. काचेसाठी नव्हता उभा तो. हे त्या हसणाऱ्या लोकाले कोण सांगेल?

खुशी आईच्या गळ्यात पडून रडली, मावशीच्या पडली, माझ्यासारख्याच्या भी पाया पडली. न् मान उंच करून पाहत राहिली. बाप दिसला, पण गाडीच्या पलीकडे, पोट्ट्यांच्या घोळक्यात. ती तिकडे वळली तर बायांनी तिले सावरल्यासारखं करून आत बसवलं. दार तिनं लावलं नाही. एका हातानं धरून ठेवलं न् मागं वळून बापाकडे पाहत राहिली.

खुशालभाऊनंही मान वळवून पाहिलं. त्याचे ओठ हलले. मी म्हटलं, आला रे देवा, आला शब्द. पण जन्मभर गाडीत बसणाऱ्या माणसाले एकच वाक्य सांगितलं होतं त्यानं. तेच बाहेर पडलं.

"दार हळू लाव."

इतक्या महिन्यांनी बाप पोरीशी बोलला, तो हे बोलला. पोरीनं एक क्षण पाहिलं. मंग निजलेल्या लेकराच्या खोलीचं लावावं तसं तिनं ते दार लावलं.

तरीही खुशालभाऊ घाबरला नाही. त्याचा एक कान इंजिनाकडे होता. तो हायवेवरचा माणूस. आमच्याकडे निरोप इंजिनाच्या तालावर चालतो. आधी चावी फिरते, गाडी खोकते, धूर सोडते, ड्रायव्हर उगाच एक्सिलेटर दाबतो. मंग कोणाले तरी पाण्याची बाटली आठवते, कोणी तरी परत खाली उतरतो. तेवढ्या वेळात माणूस खिडकीपाशी जातो न् राहिलेलं बोलून घेतो. खुशालभाऊ त्या आवाजाची वाट पाहून राहिला होता. चाकाखाली नारळ फुटला. बँड वाजत होता. न् गाडी गेली.

सुरू झालीच नाही, एकदम गेली. ना घरघर, ना धूर. खुशालभाऊ डिकीले पाठ टेकून उभा होता, मागचा आधार सरकला न् तो तोल जाऊन मागं झाला. वळून पाहीपर्यंत गाडी वळणावर. मागची काच चकाचक, एक रेघ नाही तिच्यावर, न् तिच्यातून पोरीचं तोंड साफ दिसून राहिलं होतं. ती मागं वळूनच बसली होती. तो धावला. हातात टेपचं बंडल, पायात चप्पल नाही, पेट्रोल पंपापर्यंत धावला. वरातीमागून घोडं. लोक हसले ते तिथंच हसले. त्याले वाटलं असेल टेप द्यायचा राहिला, असं कोणी तरी म्हणालं. त्याच्या कानाखाली वाजवायची होती मले, पण सुमित्राबाई समोर होती.

संध्याकाळी मी त्याले बसवलं, म्हटलं फोन लाव न् आत्ताच्या आत्ता सांग. लावला. तिकडून पोरगी म्हणाली, "हां बाबा?" मले बाजूले बसून ऐकू आलं, किती आशेनं म्हणाली. न् हा बैल काय विचारतो? "काच ठीक आहे ना?"  मंग, "हो. ठीक आहे." फोन बंद. हातातला पाना याच्या टाळक्यात घालावा असं वाटलं मले. मंग त्याच्या तोंडाकडे पाहिलं न् पाना खाली ठेवला.

तेव्हापासून तो एकच सांगतो. "आवाजच नाही आला गा, देवानंद. आवाज आला असता तर गेलो असतो." चहा पिताना सांगतो, काच पुसताना सांगतो. हायवेवरून तशा बिनआवाजाच्या गाड्या आता रोजच जातात. त्या निघून गेल्यावर हा मान वर करतो. दरवेळी उशिरा.

दिवाळीनंतर गावच्या मंडईले, म्हणजे जत्रेले, खुशी आली. हिमांशूची छोटी गाडी दुकानासमोरच थांबली. खुशालभाऊ हात पुसत बाहेर आला. पोरगी उतरली, बापाच्या पाया पडली, तब्येत विचारली. सगळं नीट केलं, पाहुणी करते तसं. मंग वळून तिनं गाडीचं दार लावलं. इतकं हळू लावलं का ते लागलंच नाही. आतला दिवा जळत राहिला.

खुशालभाऊ त्या दिव्याकडे पाहत राहिला. मंग म्हणाला, "आपट ना बाई. जोरात आपट. याची काच ओली नाही."

खुशीनं पिशवी उचलली. "आपटायची सवय गेली, बाबा," ती म्हणाली न् आईकडे घरात गेली.

हिमांशू सामान घेऊन तिच्या मागं गेला. खुशालभाऊ त्या अर्धवट दारापाशी एकटाच उभा. मी दुकानातून म्हटलं, लाव ना गा, बॅटरी उतरेल. त्यानं दारावर हात ठेवला. कितीतरी वेळ ठेवला. पण त्यालेही ते आपटता आलं नाही.