भावोजींचा येऊ घातलेला कॅमेरा

माझे भावोजी फोटो काढताना समोरच्या माणसाकडे पाहत नाहीत. ऐकायला विचित्र वाटेल, पण त्यांचा उभा जन्म असाच गेला. त्यांचा कॅमेरा दोन भिंगांचा, ठोकळ्यासारखा. तो पोटाशी धरायचा आणि वरचं झाकण उघडायचं. आत दुधी काच असते, आणि समोर जे काही असेल ते त्या काचेवर उमटतं. त्यामुळे फोटो काढणारा मान खाली घालून उभा राहतो आणि फोटो काढून घेणाऱ्याला त्याचा फक्त भांग दिसतो. भावोजींच्या बाबतीत आता टक्कल दिसतं.

"कॅमेरा डोळ्याला लावला की माणूस आकसतो," ते म्हणतात. "त्याला वाटतं, आपल्यावर नेम धरलाय. मान खाली घातली की त्याला वाटतं, याचं काहीतरी हरवलंय आणि हा शोधतोय. तेवढ्यात तो मोकळा होतो. मग दाबायचं."

त्या काचेची एक खोड आहे. तिच्यावर डावं ते उजवं आणि उजवं ते डावं दिसतं. या खोडीमुळे आमच्या घरात एकदा चांगलाच घोटाळा झाला होता. ताई कॉलेजच्या ओळखपत्रासाठी त्यांच्या स्टुडिओत गेली होती. भावोजींनी तिला जे काही पाहिलं ते काचेत पाहिलं, आणि रोल धुवायच्या आधीच घरी जाऊन सांगितलं की उजव्या गालावर तीळ असलेल्या एका मुलीशी मला लग्न करायचं आहे. त्यांच्या आई चौकशीला आमच्याकडे आल्या. ताई चहा घेऊन बाहेर आली. तीळ डाव्या गालावर. त्या बराच वेळ ताईकडे बघत राहिल्या आणि मग वडिलांना म्हणाल्या, "हिची बहीण घरात नाही का?"

वडील म्हणाले, "बहीण नाही. एक धाकटा भाऊ आहे. चालेल?"

तो धाकटा भाऊ म्हणजे मी. भावोजी अजून मला यावरून चिडवतात. एरवी मी त्यांचा 'हिशेबनीस', कारण मी कॉमर्सचा पदवीधर आणि नोकरी सगळी आकड्यांत गेली.

लग्नानंतर भावोजींनी एक रीत पाळली. लग्नाच्या वाढदिवशी ताईचा एक फोटो, एकच. स्टुडिओच्या मागच्या खोलीत, उत्तरेच्या खिडकीजवळ, त्याच लाकडी स्टुलावर. फोटो काळापांढरा आणि चौकोनी. तो धुऊन, फ्रेम करून भिंतीवर लावायचा. ती भिंत मी अनेकदा पाहिली आहे. एका टोकाला दोन वेण्यांची, जरा रागावलेली मुलगी. तिथून पुढे सरकत गेलं की तीच मुलगी आई होते, जाड होते, बारीक होते, चष्मा लावते. कुठेही नाटकी हसू नाही. आपण एक माणूस हळूहळू घडताना पाहतो आहोत असं वाटतं, आणि ते माणूस आपली सख्खी बहीण असतं.

भिंतीच्या दुसऱ्या टोकाला दोन रिकामे खिळे होते.

त्याचं कारण असं की एका सकाळी ताईच्या चेहऱ्याची डावी बाजू लुळी पडली. उपचार वेळेवर झाले, बोलणं परत आलं, डोळा मिटू लागला. ओठाचा कोपरा मात्र खाली ओढलेला राहिला. त्या वर्षी भावोजींनी खिळा ठोकला आणि ताई स्टुलावर बसली नाही. पुढच्या वर्षीही नाही. भावोजींनी आग्रह केला नाही, फक्त खिळा ठोकला. शेवटी ताईच म्हणाली, "तुमचा तो डिजिटल येऊ द्या. तो आला की बसेन. शब्द."

तो डिजिटल म्हणजे काय ते सांगतो. भावोजींच्या कॅमेऱ्याला मीडियम फॉरमॅट म्हणतात. त्याचा रोल रुंद आणि निगेटिव्ह चांगली बिस्किटाएवढी, म्हणून चेहऱ्यातलं बारीकसारीक काही हरवत नाही. या जातीचे डिजिटल कॅमेरेही निघतात. पण ते सगळे डोळ्याला लावायचे किंवा पाठीवरच्या पडद्यात बघायचे. भावोजींना ते नको होते. अशात इंटरनेटवर कुजबुज सुरू झाली की एक कंपनी मोठ्या सेन्सरचा नवा कॅमेरा आणते आहे, आणि त्यात वरून खाली बघायची सोय असेल. झालं. भावोजींना वेडच लागलं.

मी रविवारी गेलो की घराला लागून असलेल्या त्यांच्या स्टुडिओत हीच चर्चा. कोणी म्हणे झाकण असेल, कोणी म्हणे पडदाच वर वळेल. भावोजींनी पुठ्ठ्याचा एक नमुना करून ठेवला होता आणि तो गळ्यात घालून ते आरशासमोर उभे राहत. काचेवर जसं उलटं दिसतं तसं पडद्यावर दाखवतील का, हा त्यांचा मुख्य प्रश्न होता.

"सरळ दाखवलं तर बरंच की," मी म्हणालो.

"हिशेबनीस, सरळ तर सगळं जग बघतं. उलटं म्हणजे काय ते कळलंय का तुम्हाला? माणूस आरशात स्वतःला जसा बघतो, तसा तो मला दिसतो. म्हणजे त्याचं त्याला जे माहीत आहे, ते मला दिसतं."

इतकी वर्षं मी याला त्या काचेची खोड समजत होतो.

एके दिवशी इंटरनेटवर त्या कॅमेऱ्याचा चोरून काढलेला फोटो आला. धूसर, एका टेबलावर, निम्मा कापलेला. भावोजींनी तो मोठा करून छापला आणि भिंग घेऊन बसले.

"ही सावली बघा," ते म्हणाले. "कॅमेऱ्याची पाठ सपाट असती तर सावली इथे संपली असती. ही वर गेलीय, आणि टोकाला गोल झालीय. हे झाकण आहे. उघडलेलं झाकण!"

माझ्या अंगावर काटा आला. साध्या डागावरून या माणसाने न पाहिलेलं यंत्र उभं केलं होतं.

ताई दारात चहा घेऊन उभी होती. "आणि एका फोटोत ठिपके किती पडणार म्हणालात?"

"दहा कोटी."

"म्हणजे माझं तोंड वाकडं आहे हे दहा कोटी ठिकाणी कळणार," ती म्हणाली आणि कप ठेवून गेली.

मी तिच्या मागून स्वयंपाकघरात गेलो. ती हलक्या आवाजात म्हणाली, "मला वाटलं होतं तो कॅमेरा यायचाच नाही. दर वेळी लांबणीवर पडायचा तेव्हा मला किती हलकं वाटायचं! आता तर तारीख सांगितलीय म्हणे. शब्द देऊन बसलेय रे मी."

"नाही म्हण. भावोजी काही बोलणार नाहीत."

"तेच तर. बोलत नाहीत. खिळे ठोकतात."

घोषणेच्या दिवशी सुट्टी होती. दुपारी आम्ही तिघं स्टुडिओत कॉम्प्युटरसमोर बसलो. भावोजींनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. आधी कंपनीच्या साहेबांचं बोलणं झालं, मग काळा कपडा दूर झाला आणि कॅमेरा गोल फिरू लागला.

पाठ सपाट होती.

कॅमेरा पूर्ण एक फेरी फिरला. झाकण नव्हतं, वर वळणारा पडदा नव्हता. डोळा लावायची एक खिडकी, बस्स. भावोजींनी छापलेला धूसर फोटो पुन्हा हातात घेतला, तो खिडकीकडे नेला, परत आणला.

"अंगठा," ते म्हणाले.

"काय?"

"ज्याने चोरून फोटो काढला, त्याच्या अंगठ्याची सावली आहे ही. इतके दिवस मी एका माणसाच्या अंगठ्याकडे बघत होतो."

मला हसू येत होतं, पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघून आवरलं. पडद्यावर आता त्या कॅमेऱ्याने काढलेला एका म्हाताऱ्याचा चेहरा दाखवत होते. तो मोठा होत गेला. सुरकुती आली, सुरकुतीतला घाम आला, मग नुसती पापणी, आणि पापणीच्या एका केसावरचा धुळीचा कण. आम्ही तिघंही पुढे झुकलो. माणसाच्या हातून असं यंत्र घडतं याचं खरंच नवल वाटलं.

"वा," भावोजी मनापासून म्हणाले. मग त्यांनी कॉम्प्युटर बंद केला. "कॅमेरा थोर आहे. माझा नाही."

ते उठून मागच्या खोलीत गेले. थोड्या वेळाने खरवडल्यासारखा आवाज आला म्हणून आम्ही पाहायला गेलो. ते पक्कड घेऊन भिंतीतला शेवटचा खिळा हलवत होते.

"अहो, हे काय करताय?"

"उगाच भिंत खराब दिसते."

ताई पाहत राहिली. ती सुटली होती. ज्या कॅमेऱ्यासाठी शब्द दिला होता तो आलाच नव्हता, आता तिला कोणी विचारणार नव्हतं. खिळ्यामागून चुन्याचा चुरा पडत होता. ती पुढे झाली आणि तिने त्यांच्या हातातली पक्कड काढून घेतली.

"राहू द्या. पुढच्या खेपेला झाकणाचा काढतील, तेव्हा लागतील खिळे. तोवर मला बसायची सवय राहायला नको? एक तालीम करू."

"तालीम?" भावोजी म्हणाले.

"नुसती तालीम हं. जुना घ्या हातात. आणि तू रे, असा बघत काय उभा? तो पांढरा थर्माकोल धर."

ती स्टुलावर बसली. मी थर्माकोलचा तक्ता धरला, खिडकीचा उजेड तिच्या डाव्या गालावर परत फिरला. भावोजींनी कपाटातून कॅमेरा काढला, जरा वेळ पाठमोरे उभे राहून पुसला, मग आले, झाकण उघडलं, मान खाली घातली.

ते बराच वेळ हलले नाहीत.

"झोपलात का?" ताई म्हणाली.

"हिशेबनीस," ते मान वर न करता म्हणाले, "तो तक्ता खुर्चीला टेकवा आणि इकडे या."

त्यांनी कॅमेरा माझ्यापुढे धरला. मी इतक्या वर्षांत त्या काचेत पाहिलं नव्हतं. आत काळोखाच्या तळाशी एक चौकोनी उजेड होता, आणि त्या उजेडात माझी बहीण बसली होती. लहानशी, जिवंत, श्वास घेणारी. ओठाचा ओढलेला कोपरा दुसऱ्याच बाजूला होता. क्षणभर ओळख पटली नाही, मग लक्षात आलं. रोज सकाळी आरशात तिला हेच दिसतं. ती रोज हे बघते, केस विंचरते आणि स्वयंपाकघरात जाऊन आम्हाला चहा करते. मी बाजूला झालो.

"दिसलं?" भावोजींनी विचारलं.

"दिसलं."

"काय दिसलं मेल्यांनो, मला पण सांगा की!" ताई म्हणाली आणि हसली. हसताना ओठाची एकच बाजू वर गेली. त्याच वेळी खट् झालं.

"झाली तालीम," भावोजी म्हणाले. त्यांनी सवयीने बाजूचं हँडल फिरवलं. ते जरा जड, कुरकुरत फिरलं आणि एका जागी थांबलं. ताईने खिडकीबाहेर पाहिलं.

संध्याकाळी मी निघालो तेव्हा ती दारापर्यंत आली.

"ताई, तालीमच होती ना?" मी विचारलं.

"त्यांना तसंच वाटू दे. रोल नसला की ते हँडल भिंगरीसारखं फिरतं, रोल असला की अडतं. इतकी वर्षं या घरात काढली, मला काय तो आवाज कळत नाही?"

"मग काही बोलली नाहीस ती?"

"बोलणार काय? कॅमेरा पुसायला कोणी पाठमोरं उभं राहतं का? रोल भरला ते तेव्हाच कळलं. स्टुलावरून उठायचं असतं तर तेव्हाच उठले असते," ती म्हणाली. "जा आता. आणि पुढच्या रविवारी येताना काळी फ्रेम घेऊन ये, चौकोनी."