टिकलीएवढी लस

माझे वडील चंद्रपूर जिल्ह्यात, मोहर्लीकडच्या एका जंगलातल्या गावात वनरक्षक होते. तिथल्या शाळेत माझ्याशेजारी एक गोंड मुलगी बसायची. झाडावर सरसर चढायची, सापाला भ्यायची नाही. पण सुई म्हटलं की तिला कापरं भरायचं. गावात फिरणाऱ्या एका भोंदू डॉक्टरच्या इंजेक्शननं तिच्या थोरल्या बहिणीचा पाय कायमचा लुळा पडला होता.

चौथीत असताना धनुर्वाताची लस द्यायला माणसं आली. गुरुजींनी वर्गाला बाहेरून कडी घातली. आत ती माणसं पोरांना धरून धरून टोचत होती. तिनं खिडकीतून उडी मारली आणि जंगलात पळाली. दुसऱ्या दिवशी गुरुजींनी तिला छडीनं फोडून काढलं. लस द्यायला मात्र परत कोणी आलं नाही.

उन्हाळ्याच्या तोंडाला मोहफुलं वेचताना तिच्या तळपायात बांबूचा खुंट घुसला. आईनं जखमेत राख भरली. काही दिवसांनी ती वर्गात आली तेव्हा तिचे ओठ मागे ताणलेले होते, दात दिसत होते.

"काऊन हासून राह्यली?" गुरुजींनी विचारलं.

तिला तोंडच उघडता येईना. त्यांनी कानाखाली वाजवली. दात तसेच. सगळा वर्ग हसला.

संध्याकाळी आईबाप तिला काळीपिवळी जीपमधून चंद्रपूरला घेऊन निघाले. प्रत्येक खड्ड्याला तिचं अंग कमानीसारखं वाकायचं. बाकीचे प्रवासी म्हणाले, भूत लागलंय, हिला उतरवा. ड्रायव्हरनं उतरवलं. दुसरी गाडी मिळायच्या आत ती रस्त्याकडेलाच गेली. शेवटपर्यंत शुद्धीत होती, असं तिची आई सांगायची.

मी पुढे नर्स झाले. एका प्रशिक्षणात ऐकलं, सुई न टोचता कातडीवर चिकटवायच्या लसीवर संशोधन चाललंय. गावी गेले तेव्हा तिच्या आईला मुद्दाम जाऊन सांगितलं. ती तेंदूपत्त्याचे पुडे बांधत होती.

"टिकलीसारखी लावायची, मावशी. अजून निघाली नाई, पण येईल."

"दुखत नाई?"

"नाई."

तिचे हात थांबले. "मंग माही पोरगी पळाली नसती."

मी होकारार्थी मान हलवली.

"हे मले काऊन सांगतलं तू?" ती म्हणाली. "आता रोज हेच येईन डोक्यात."

त्यानंतर ती माझ्याशी बोललीच नाही. बाजारात मी समोर आले, तर रस्ता बदलते.